शाळा अंगणात आली पाहिजे



आजच्या भाषणाची सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहे.

एम्. ए. झाल्यावर कॉलेजात जागा मिळेपर्यंत मी वर्षभर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा शाळेत शिकवीत होतो. शाळेत जवळच्या पोडावरची आठ-दहा कोलाम मुले येत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. एके दिवशी पहिलीच्या वर्गात मी पाण्याने भरलेला गडवा पुढे ठेवला आणि विचारले, "यात काय आहे?" एक पोरगा ताडकन उभा राहिला अन् म्हणाला, "ईर." सारा वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. पुन्हा विचारले, तर पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तो खाली बसला. त्यानंतर तो वर्गात बोललाच नाही, आणि मी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे शेरा लिहिला : 'मंद'.

दिवाळीनंतर तो शाळेत येईना, म्हणून मी पोडावर गेलो. त्याचा आजा बांबू चिरीत बसला होता. त्याच्यापाशी मी तक्रार केली की, पोराला साधे पाणी ओळखता येत नाही. म्हातारा हसला नाही. हातातले काम थांबवून एवढेच म्हणाला, "गुरुजी, पोरगं बरोबरच सांगून राह्यलं होतं जी. आमच्या बोलीत पाण्याले ईरच म्हणते."

मंडळी, परीक्षा त्या पोराची नव्हती, माझी होती. आणि नापास मी झालो होतो. वहीतला शेरा मी खोडला. परंतु पोरगा काही परत आला नाही. तो बकऱ्यांमागे जाऊ लागला होता.

आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघतात, इमारती उभ्या राहतात, वसतिगृहे होतात. या सगळ्याच्या शिरोभागी जी माणसे बसतात ती कशी असावीत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. याचे उत्तर शोधताना माझे मन नेहमी कोसबाडच्या टेकडीकडे जाते. हे गाव आपल्यापासून फार दूर, समुद्राकडच्या डहाणू तालुक्यात आहे. पूर्वी तो तालुका ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे वारली लोकांची वस्ती. तिथल्या कामाच्या प्रमुख होत्या दोन स्त्रिया : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. स्त्रिया क्वचितच पदवीधर होत अशा काळात त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर काही काळ त्या आपल्या शेजारच्या अमरावतीस राहत होत्या, ही गोष्ट आपल्या वऱ्हाडात फारशी कोणाला ठाऊक नसते. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचा ध्यास घेतला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवला. पण हे सारे शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांसाठी आहे ही टोचणी त्यांना लागली, आणि १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डी या खेड्यात आल्या. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

त्यांच्या हाताशी आल्या अनुताई. त्यांचा जन्म १९१०चा. तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यानंतर शिकणे, शिकवणे आणि पुन्हा शिकणे हाच त्यांचा संसार. पदवी त्यांनी १९६१ मध्ये घेतली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! प्रौढ श्रोत्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या गरीब वस्तीतली मुले येईनात. अशा वेळी संस्थाचालक सामान्यतः काय म्हणतात? "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." ताराबाई आणि अनुताई तसे म्हणाल्या नाहीत. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने म्हणाल तर शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती. अंगणात भरते म्हणून तिचे नाव अंगणवाडी. पुढे १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्यामुळे आज गावोगाव जी अंगणवाडी दिसते, तिच्या नावाचे मूळ हे असे कोणाच्या तरी शेणाने सारवलेल्या अंगणात आहे.

१९५७ मध्ये हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुलांची अडचण निराळी. थोरला भाऊ गुरे राखतो, थोरली बहीण तान्ह्याला सांभाळते, मग शाळेत कोण येणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्या योजनेचे नाव विकासवाडी. बहीण तान्ह्याला पाळणाघरात ठेवी आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसे. आणि गुराख्यांसाठी? शिक्षक कुरणातच जाऊ लागले. गुरे चरताहेत आणि झाडाखाली शाळा भरली आहे, ती कुरणशाळा!

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अशा वेळी पुष्कळ संस्था माणसाबरोबरच संपतात. कोसबाडचे काम संपले नाही. कारण अनुताई नुसत्या मदतनीस राहिल्या नव्हत्या, त्या तयार झाल्या होत्या. त्यांनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, सांभाळले. शिवाय १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही नवी संस्थाही उभी केली.

मात्र एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. या दोघीही बाहेरून आलेल्या होत्या. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. तरीही आज एक पाऊल पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : आदिवासींच्या शिक्षणसंस्थेत प्रमुखाच्या खुर्चीवर आदिवासी कधी बसणार?

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नव्हे. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथे माया लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना शून्य ठाऊक होते, पंचांग ठाऊक होते. पण शाळेची भाषा स्पॅनिश. त्यामुळे माया मूल वर्गात गप्प, आमच्या कोलाम पोरासारखेच! तिथल्या माया लोकांनी आपल्या भाषांची अकादमी उभारली. १९९० मध्ये तिला कायद्याने मान्यता मिळाली. बावीस माया भाषा बोलणाऱ्या समाजांचे प्रतिनिधीच तिचा कारभार पाहतात. छत्तीस वर्षांच्या यादवीनंतर १९९६ मध्ये शांतता झाली, तेव्हाच्या करारांत मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवण्याचे वचनही घातले गेले. वचने पुरती पाळली जाणे ही लांबची वाट असते. पण "आमच्या मुलांना काय शिकवायचे ते आम्हीही सांगू," असे म्हणणारी माणसे त्या समाजातूनच पुढे आली, हे महत्त्वाचे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, राळेगाव, घाटंजी या भागांत कोलाम राहतात. त्यांची कोलामी मराठीच्या कुळातली नव्हे. ती तेलुगू-कानडीसारखी द्रविड कुळातली. तेव्हा कोलाम मूल मराठी 'अशुद्ध' बोलत नसते, ते एक परकी भाषा शिकत असते. गुरुजी, बाई, हा फरक ध्यानात घेतला तर अर्धे काम होते.

उरलेल्या अर्ध्यासाठी फार पैसा लागत नाही. पोडावरच्या शाळेत लागलेल्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात मुलांकडून त्यांचे शंभर शब्द शिकावे, आणि ते भिंतीवर देवनागरीत लिहावे, शेजारी मराठी शब्द. शिक्षक आपल्याकडून शिकतो हे पाहून मूल जितके खुलते, तितके ते कशानेच खुलत नाही. मोजायला मोहाच्या टोळी घ्याव्या, आकार शिकवायला बांबूची टोपली घ्यावी. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी उतरते, तेव्हा नुसता गैरहजेरीचा शेरा न मारता संध्याकाळी पोडाच्या चावडीत तासभर बसावे. कोसबाडला शाळा कुरणात गेली, इथे ती चावडीत जाईल.

आणि संस्था चालवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. पोडावरची एखादी मुलगी दहावी-बारावी झाली, तर तिला हार घालून थांबू नका. तिला अंगणवाडीत आणा, मग शिक्षिका करा, आणि मग आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवा. एक दिवस आपली खुर्चीही तिला द्या. संस्थेने किती खोल्या बांधल्या हे वार्षिक अहवालात लिहिता येते. आपल्यामागून ती चालवणारे किती जण त्या पोडावरच तयार झाले, हा खरा हिशेब.

मी खोडलेला तो शेरा अजून वहीत दिसतो. शाई खोडली तरी अक्षर उमटतेच. त्या पोराला मी काही देऊ शकलो नाही, पण त्याने मला एक शब्द दिला. तहानलेल्याला पाणी पाजायचे असेल, तर आधी तो पाण्याला काय म्हणतो ते विचारावे. आपणही उद्या आपल्या वर्गात विचारून पाहा.