मुलांना काय सांगावे?



घरात कुणी गेले की आपण मुलांना शेजारी धाडतो. तेरावा झाल्यावर ती परत येतात, तेव्हा आजीची खाट जागेवर नसते आणि कुणी काही बोलत नसते. विचारलेच तर, "आजी देवबाप्पाकडे गेली." चार वर्षांचे पोर मग देवबाप्पाच्या घराचा रस्ता विचारते, किंवा आजी आपल्यावर रुसून गेली असे धरून बसते. "झोपली" म्हणावे, तर रात्री स्वतःच डोळे मिटायला भिते.

मारिया नागी या बाईंनी हंगेरीत बुडापेस्ट व आसपासच्या ३ ते १० वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून तो १९४८ साली प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, असे त्यांना आढळले. म्हणजे पोरांचा जो मुळातला गैरसमज, तोच आपण वडीलधारी माणसे पक्का करतो!

मी तर सरळ सांगते, "आजीचे शरीर बंद पडले. तिला आता भूक लागत नाही, दुखत नाही. ती परत येणार नाही. तू काही केलेस म्हणून हे झाले नाही." देवाचे नाव घ्यायचे तर त्यानंतर घ्यावे. एवढे ऐकून मूल खेळायला पळेल. त्याला निष्ठुर म्हणू नका. आठ दिवसांनी तेच पुन्हा विचारील, तेव्हा तेच उत्तर द्या. आणि आजीचे लुगडे इतक्यात कुणाला देऊन टाकू नका. त्यात तोंड खुपसून ते रडू लागले, तर तुम्हीही खुशाल जवळ बसून रडा.