श्वासाचे रासायनिक नियंत्रण : अध्यक्षीय भाषण

स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास किती खोल आणि किती जलद चालावा, हे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये ते मोजून दाखवले. फुप्फुसांच्या वायुकोशांतील हवेत हा वायू साधारण ५.६ टक्के असतो. तो अवघा ०.२ टक्क्यांनी वाढला की श्वसन जवळजवळ दुप्पट होते. प्राणवायूच्या हिशेबात शरीर एवढे काटेकोर नाही. धमनीतील त्याचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्यावरून ६० पर्यंत उतरला तरी श्वसन फारसे वाढत नाही. त्या दाबालाही हिमोग्लोबिन सुमारे ९० टक्के भरलेले असते, म्हणून ही ढिलाई परवडते.

कार्बन डायऑक्साइडवरचा पहारा प्रामुख्याने मेंदूत, लंबमज्जेच्या अधर पृष्ठभागाजवळ असतो. रक्त आणि मेंदू यांमधला अडसर हायड्रोजन आयनांना सहजी ओलांडता येत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र पार होतो आणि पलीकडे पाण्याशी संयोग पावून आम्लता वाढवतो. तिथल्या द्रवात प्रथिने नगण्य असल्याने ही वाढ शोषली जात नाही आणि चेतापेशींना ती लगेच जाणवते. या पेशींच्या घडणीसाठी ‘फॉक्स-२बी’ हे जनुक लागते. त्यात दोष असलेल्या अर्भकाचा श्वास झोपेत मंदावतो आणि कार्बन डायऑक्साइड साचूनही त्याला धाप लागत नाही.

प्राणवायूची चौकी मानेत आहे. ग्रीवाधमनी दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड पिंडिका असते. तिची सूक्ष्मरचना पाहून ती रक्ताचे रसायन पारखत असावी, असा तर्क माद्रिदच्या फर्नांदो दे कास्त्रो यांनी १९२८ मध्ये मांडला. बेल्जियममधील घेंटच्या कॉर्नेई हेमन्स यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला आणि १९३८ चे नोबेल एकट्या हेमन्स यांना मिळाले. स्पेन तेव्हा यादवी युद्धात होरपळत होता. श्रेयाची ही वाटणी आजही खटकते. प्राणवायू घटला की पिंडिकेच्या पेशींतील पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, कॅल्शियम आत शिरते, संदेशक रसायने बाहेर पडतात आणि नववी मस्तिष्क चेता मेंदूला वर्दी देते.

पिंडिका प्राणवायूचा दाब मोजते, रक्तातला एकूण साठा नव्हे. बंद खोलीत पेटत्या शेगडीजवळ झोपलेल्यांचा घात इथेच होतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून ठेवतो, पण विरघळलेल्या प्राणवायूचा दाब उतरत नाही. पिंडिका गप्प राहते आणि धाप लागत नाही.

माशांमध्ये प्राधान्यक्रम उलटा आहे. हवेच्या तुलनेत पाण्यात प्राणवायू फारच थोडा, सुमारे तिसावा हिस्सा. म्हणून कल्ल्यांवरून सतत पाणी खेळवावे लागते. त्या ओघात कार्बन डायऑक्साइड आपोआप धुऊन जातो. त्यामुळे माशाचा श्वास मुख्यतः प्राणवायूच्या तालावर चालतो आणि त्याचे रसायनग्राही कल्ल्यांच्या कमानींवर असतात. पहिल्या कल्ल्याची कमान गर्भविकासात ज्या कमानीपासून होते, तिच्यापासूनच सस्तन प्राण्यांत ग्रीवाधमनीचा पिंडिकेजवळचा भाग घडतो. पाठ्यपुस्तके माणसापाशीच थांबतात आणि हा दुवा विद्यार्थ्याच्या हातून निसटतो. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना प्राणवायू मुबलक मिळाला, कमी श्वसनही पुरू लागले आणि कार्बन डायऑक्साइड शरीरात साचू लागला. त्यावर नजर ठेवणे भाग पडले.

दोन्ही पहारे एकमेकांच्या विरोधात गेले की अडचण होते. उंचीवर प्राणवायू विरळ झाला की पिंडिका श्वास वाढवते. त्याने कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. नवख्या गिर्यारोहकाचा श्वास झोपेत अडखळतो तो याच ओढाताणीमुळे. काही दिवसांत मूत्रपिंडे बायकार्बोनेट टाकून हा लगाम सैल करतात. हिमालय ओलांडून हिवाळ्यात महाराष्ट्रातील जलाशयांवर उतरणाऱ्या पट्टकदंब हंसात तो मुळातच सैल असतो. विरळ हवेत मैदानी हंसांपेक्षा तो जास्त श्वसन करतो आणि कार्बन डायऑक्साइड पुष्कळ उतरला तरी ते चालू ठेवतो.