स्टेटस जातं, नाव राहतं



आर्णीच्या बाजारात आपण तोंड सांभाळून बोलतो.
चार माणसं ऐकत असतात ना!
मोबाइलवर मात्र बोट सैल सुटतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस २४ तासांत जातं.
पण कुणी स्क्रीनशॉट काढला, की ते राहतंच.

आठवतंय? २०१२ साली, पालघरला,
एका तरुणीनं फेसबुकवर पोस्ट लिहिली.
दुसरीनं ती नुसती लाइक केली.
दोघींना अटक झाली.

गुन्हा टिकला नाही.
२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं
त्यांच्यावर लावलेलं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलमच रद्द केलं.
पण तोवर दोघींची नावं देशभर पसरली होती.

म्हणून पाठवण्याआधी क्षणभर थांबा.
स्वतःला विचारा,
हेच मी भर बाजारात बोलेन का?

पुन्हा सांगते, मंडळी…
स्टेटस जातं.
नाव राहतं.