दुष्परिणामांचा रकाना



सर्पगंधेची मुळी उन्मादावर देण्याची रीत आपल्याकडे जुनी. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग नोंदवला. देशाबाहेर त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात आला, तेव्हा कुठे जग जागं झालं. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि पुढे ते अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांपर्यंत पोचलं.

रुग्ण शांत झाले. पण काहींचे हात थरथरू लागले, अंग ताठरलं, अगदी कंपवात झाल्यासारखं. औषध मनाच्या आजारावरचं, लक्षणं मात्र दुसऱ्याच विभागातली! नोंद झाली ती दुष्परिणामांच्या रकान्यात.

स्वीडनमध्ये संशोधक अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा हे द्रव्य टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. रेसर्पिन मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा साठा रिता करतं आणि लेव्होडोपापासून तो पुन्हा भरतो, हे त्यातून उलगडत गेलं. त्याआधी डोपामिनला स्वतंत्र काम आहे असं फारसं कुणी मानत नव्हतं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तर हालचालींशी संबंधित भागात डोपामिन फारच थोडं उरलेलं. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिलं गेलं.

लेव्होडोपा खाजकुहिलीच्या बियांत असतं आणि मद्रासमध्ये १९३७ सालीच ते त्यांतून वेगळं काढलं होतं. इथे ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणून टाळ्या घेता येतील; मी घेणार नाही. बी आपल्या परसात होतं, पण मेंदूत नेमकं काय कमी पडतं याचा माग सशांमुळे लागला.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण उद्या प्रयोगशाळेत जातील. दहा उंदरांतला एक भलतंच वागेल आणि मार्गदर्शक म्हणतील, तो वगळ, आलेख सुबक दिसेल. वगळू नका. त्याची नोंद ठेवा, आणि जमल्यास शेजारच्या विभागात जाऊन दाखवा. मानसोपचार आणि मेंदूविकार यांच्यामधली भिंत इमारतीत असते, मेंदूत नाही. रेसर्पिनमुळे मनोरुग्णांना कंप सुटला. उलट लेव्होडोपामुळे कंपवाताच्या काही रुग्णांना भास होतात. शिवाय हे औषध हालचाल परत देतं, पण डोपामिन बनवणाऱ्या पेशींचं मरणं थांबवत नाही. ते थांबवणारं औषध अजून कुणाकडेच नाही.

संशोधनासाठी मानवी मेंदूच्या ऊती लागल्या, तर बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेत १९९५ पासून त्यांचा संग्रह आहे. दुःखाच्या घडीलाही नातेवाइकांनी संमती दिली, म्हणून तो उभा राहिला. नीट प्रश्न घेऊन तिथे अर्ज करा.