फणसाखालची जागा



आपल्या कोकणात घराघरांतून एक प्रश्न ऐकू येतो. "परसात फणस आहे, आंबा आहे. त्यांच्या सावलीत काही होत नाही. मिरची लावली, वांगी लावली. रोपे नुसती लांबट आणि पिवळी झाली. मग झाड तोडून टाकावे का?"

तोडू नका. फणस तोडायला एक दिवस पुरतो. तेवढा फणस परत व्हायला तीस वर्षे लागतात. मिरचीला ऊन हवे, ती सावलीत कशी होणार? सावलीत सावलीचीच झाडे लावली पाहिजेत, आणि तशी झाडे पुष्कळ आहेत.

आधी आपली सावली कशी आहे ते बघा. भर दुपारी बारा वाजता झाडाखाली उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे किती पडतात? पुष्कळ कवडसे असतील तर सावली पातळ. नारळाखाली, पोफळीखाली अशी असते. एकही कवडसा दिसत नसेल तर सावली दाट. जुन्या आंब्याखाली असते ती. दाट सावलीत काही लावायचे असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या दोन-चार फांद्या उतरवा. करवतीने नीट कापा, ओरबाडू नका. पाला टाकू नका, तो रोपांच्या आळ्यात घालायला लागेल.

आता काय लावायचे? पैसा देणारी म्हणाल तर पहिली मिरी. ही वेल आपल्या सह्याद्रीच्याच रानातली. फणसाची साल खडबडीत, वेलीची मुळे तिला घट्ट धरतात. नारळ, पोफळ, आंबा यांवरही ती चढते. पेरूची साल सुटते, म्हणून पेरूवर वेल टिकत नाही.

रोप घेताना जात विचारा. ज्याच्या त्याच्या तोंडी पन्नियूर-१ हेच नाव असते. जात चांगली आहे, घोस लांब येतात. पण तिला उजेड लागतो. दाट सावलीत तिला पाने भरपूर आणि घोस थोडे. करीमुंडा नावाची जात सावली जास्त सोसते. फणसाला ती बरी. दोन्ही जाती केरळातल्या.

बुंध्याला चिकटून खड्डा खणू नका. तिथे जुन्या मुळांची दाटी असते, रोपाला खायला काही उरत नाही. मोठ्या झाडापासून तीन फूट दूर लावा आणि काठी तिरपी टेकवून वेल खोडावर न्या. जागा उत्तरेची किंवा ईशान्येची घ्या. पश्चिमेचे ऊन कोवळ्या वेलीला भाजते. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. तुम्ही म्हणाल, सावलीत कशाला पाणी? अहो, मोठे झाड खालचे सगळे पाणी पिऊन टाकते. आळ्यात पालापाचोळा घाला, पण खोडापासून वीतभर दूर. चिकटून घातला तर खोड कुजते.

मिरीचा एक वैरी आहे, त्याला मर रोग म्हणतात. पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडतात, पाने गळतात, आणि बघता बघता उभी वेल जाते. हा बुरशीचा रोग. पाणी साचले की तो बळावतो. एकदा वेल माना टाकू लागली की औषध चालत नाही. म्हणून चर काढून पाणी बाहेर घालवा आणि औषध आधीच मारा. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात विरघळवा. शंभर ग्रॅम चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची हवीत, लोखंडाची नकोत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओता आणि ढवळा. लोखंडी सुरी त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, थोडा आणखी घाला. हे पाणी त्याच दिवशी वापरा. एक फवारणी पावसाळ्याच्या आरंभी, दुसरी ऑगस्टात. मोरचूद विष आहे. पोरांच्या हाती लागू देऊ नका.

तिसऱ्या वर्षापासून घोस येऊ लागतात. घोसातला एखाद-दुसरा मणी तांबडा झाला की घोस तोडा. मणी सुटे करून टोपलीत घाला, टोपली उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा, मग उन्हात वाळवा. मिरी लवकर वाळते आणि काळीभोर दिसते. तीन किलो ओल्या मिरीची वाळून साधारण एक किलो होते. दारावर येणारा व्यापारी ओल्या मिरीचा भाव सांगेल, तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून बघा. आता तुम्हाला लिहिता येते!

दालचिनीही सावलीत होते. तिला मोठे झाड होऊ देऊ नये. जमिनीपासून वीतभर ठेवून कापावी, म्हणजे भोवती फुटवे येतात आणि झुडूप होते. त्या फुटव्यांची साल काढायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही जात दिली आहे. तीच मागा.

जायफळाच्या बाबतीत मात्र सावध राहा. त्यात नर झाड वेगळे, मादी वेगळे. बीपासून केलेले रोप कोणते, हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि फुलाला सहा-सात वर्षे लागतात. त्यातली निम्मी रोपे नर निघतात. तेवढी वर्षे पाणी घालून नर पोसणे गरिबाला परवडत नाही. मादीचे कलमच घ्या. दहा मादींमागे एक नर पुरतो.

बायांसाठी एक सांगतो. मोगरा सावलीत लावू नका, कळी धरत नाही. अबोली लावा. तिला हलकी सावली मानवते. तिच्या सुक्या शेंगा पाणी लागताच तडकतात आणि बी उडते, म्हणून शेंगा कोरड्या असतानाच गोळा करा. कुंपणाला अडुळसा घाला. फांदी खोचली की लागते, आणि बकरी त्याला तोंड लावत नाही. खोकल्याला त्याचा काढा करतात, पण गरोदर बाईने तो घेऊ नये. न्हाणीच्या पाण्यावर अळू आहेच.

खड्डे मे महिन्यातच खणून ठेवा, माती तापू द्या. जूनचा पाऊस स्थिरावला की रोपे लावू. रोपे एकत्र आणली तर भाडे कमी पडते. इथे कागद ठेवला आहे. कोणाला कोणत्या जातीची किती रोपे हवीत, ते प्रत्येकाने आपल्या हाताने लिहावे.