पाळणाघरात बाया किती?
(खुटबाव येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



सकाळच्या गाडीने पुण्याकडे, नाहीतर कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बऱ्याच भगिनी इथे बसल्या आहेत. घरी सासूबाई असतील तर ठीक. नसतील तर आठ महिन्यांचे लेकरू ठेवायचे कोठे? अंगणवाडी 1975 पासून आहे, पण तिथे बसवून घेतात ते तीन वर्षांपुढचे मूल, तेही काही तास. त्याखालच्याला शिधा मिळतो, सांभाळ नाही. काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याची ‘पालना’ योजना 2022 मध्ये आली. ती जवळपास कोठे चालते, हे पर्यवेक्षिकाबाईंना जरूर विचारा.

प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीला पगारी रजा मिळावी, म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयकाची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास कामगारांच्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन आले. परंतु खोली असणे निराळे आणि खोलीत माणसे असणे निराळे.

केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, शिवाय मदतनीस हवी. आता तुम्हीच हिशोब करा. तान्ह्याला दर दोन-तीन तासांनी दूध लागते. पाजणे, ढेकर काढणे, दुपटे बदलणे, हात धुणे यांत अर्धा तास जातो. अशी चार तान्ही असली की दोन तास संपले, आणि पहिले पुन्हा रडू लागले! बाकीच्या सहा रांगत्या-चालत्या मुलांकडे कोण पाहणार? इंग्लंडात दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक बाई असा दंडक आहे. माझ्या मते तान्ह्यांसाठी आपणही तोच आकडा धरावा.

बाया कमी पडल्या की काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. 1920 च्या दशकात गिरणीत जाणाऱ्या आया बाळाला अफूची गोळी देत, म्हणजे ते दिवसभर निजून राही. त्या आयांना दोष काय द्यायचा? सांभाळायला कोणी नव्हते. पण म्हणूनच भर दुपारी सगळी मुले एकदम गाढ झोपलेली दिसली, तर ‘किती शिस्त’ म्हणून खूश होऊ नका. काय पाजले, ते विचारा.

पाळणाघर पाहायला सकाळी जाऊ नका. तेव्हा सगळेच लखलखीत असते. न सांगता दुपारी एकच्या सुमारास जा, बाया जेवायला बसतात तेव्हा. बाळांजवळ कोण आहे ते मोजा. स्वयंपाक, झाडलोट करणारीलाच सांभाळणारी म्हणून दाखवतात, तिला धरू नका. एक बाई रजेवर गेली तर बदली कोण, हे विचारा. बाळाला उताणे निजवतात का, दुपटे बदलल्यावर साबणाने हात धुतात का, ते उभे राहून बघा. वर्षाच्या आत मध चाटवू नये, हे तिथल्या बाईला ठाऊक असले पाहिजे. तुम्ही काढून दिलेले दूध उन्हाळ्यात चार तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचे नाही, हेही तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा आणि बाटलीवर बाळाचे नाव व वेळ लिहा.