पडदा बंद, संगणक चालू

पुण्यात कोरेगाव पार्कची अंधशाळा १९३४ पासूनची. ब्रेल गिरवत तिथल्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. पुढे विश्रांतवाडीत मीरा बडवे यांनी 'निवांत' उभी केली. शाळा संपल्यावर उच्च शिक्षण घेऊ पाहणाऱ्या अंध मुलामुलींना तिथे मदतीचा हात मिळाला, ब्रेल पुस्तकं मिळाली आणि संगणकही.

अंध माणूस संगणक चालवतो कसा? माउसला तो हातही लावत नाही. कीबोर्डवरच्या एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तिथे टेकल्या, की बाकीच्या कळा आपोआप बोटांखाली येतात. टॅब दाबला, की स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, पुढचं बटण किंवा लिंक बोलून दाखवतो. इन्सर्ट धरून एफ-१२ दाबलं, की वेळ सांगतो. सरावलेले लोक तो इतक्या वेगात ऐकतात, की शेजारच्याला अक्षरही उमगू नये. मॉनिटर बंद असला तरी कुणाचं काही अडत नाही.

'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर जुना आणि नावाजलेला, पण महाग. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये 'एनव्हीडीए' या स्क्रीन रीडरचं काम सुरू केलं, पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी ते सर्वांना फुकट दिलं. ते मराठीही वाचतं. आवाज यंत्राचा, उच्चार थोडे ओबडधोबड, पण काम भागतं.

घोडं अडतं ते आपल्याच फाइलींपाशी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं 'पुणे' डोळ्यांना पुणेच दिसतं. आत मात्र भलतीच रोमन अक्षरं नि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर बिचारा तीच वाचतो, आणि ऐकणाऱ्याच्या पदरी पडते निव्वळ बडबड. युनिकोडमध्ये हा घोळ नाही. स्कॅन केलेल्या कागदाची तर आणखीच पंचाईत, कारण स्क्रीन रीडरच्या लेखी ते नुसतं चित्र! त्यातली अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण पुसट झेरॉक्समधल्या जोडाक्षरांपुढे तीही हात टेकतात.

ज्या शहरात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था सुरू झाली आणि जिथे संगणकावरच्या देवनागरीवर इतकं काम झालं, तिथे हे शोभत नाही. अपंगांना माहिती सुलभ रूपात मिळावी, असं त्यांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही सांगतो.

तेव्हा सोसायटीची नोटीस असो की परीक्षेचं वेळापत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो टाकू नका. त्याखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा.